कृषी व्यवसायातील नोकरीसाठी स्वतःला तयार कसे करावे : मालक नेमके काय पारखतो

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांतून दरवर्षी पदवी आणि पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी बरेच जण स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागतात. खासगी नोकरीकडे ते वळतात तेव्हा बऱ्याचदा वय आणि उमेद दोन्ही थोडी खर्च झालेली असते. दुसरीकडे दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील द्राक्ष पॅकहाउसे (माल निवडून, भरून निर्यातीसाठी तयार करण्याच्या जागा), विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी उत्पादक कंपन्या, बियाणे व ठिबक सिंचनाच्या कंपन्या आणि कांदा-डाळिंबाचे निर्यातदार हंगामाच्या तोंडावर कामाच्या माणसासाठी अक्षरशः शोधाशोध करत असतात. पदव्या आहेत आणि जागाही आहेत, तरी दोघांची गाठ पडत नाही, कारण मालक ज्या गुणांची पारख करतो ते अर्जात लिहिण्याचे नसून कामात दिसण्याचे असतात. नाशिक भागात द्राक्ष निर्यातीच्या कामात आणि पुढे शेतकरी कंपन्यांसाठी माणसे निवडताना मला जे दिसत आले, ते येथे पायरीपायरीने मांडत आहे.

पहिली पायरी : कोणते काम, ते आधी ठरवा

‘ॲग्रीमध्ये काहीही चालेल’ असे सांगणारा उमेदवार मुलाखतीत तिथेच मागे पडतो. या क्षेत्रातील कामे एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. फिल्ड ऑफिसर दिवसभर बांधावर असतो. शेतकऱ्याला सल्ला देणे, प्लॉटची नोंदणी करणे आणि माल कधी काढायचा हे ठरवणे ही त्याची कामे. पॅकहाउसमधील गुणवत्ता पर्यवेक्षक दहा-बारा तास उभा राहून ग्रेडिंग, वजन, तापमान आणि लेबले पाहतो. खते-औषधांच्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी कृषी सेवा केंद्रांत फिरतो आणि उधारी वसूल करण्याची जबाबदारीही त्याच्यावर असते. शेतकरी उत्पादक कंपनीचा व्यवस्थापक खरेदी, हिशेब, परवाने, संचालक मंडळाच्या सभा आणि बँक हे सगळे एकट्याने सांभाळतो. ज्याला लोकांत मिसळायला आवडते पण आकडेमोडीचा कंटाळा येतो, त्याने व्यवस्थापकाची जागा घेऊ नये. ज्याला रात्रीची जाग सोसत नाही, त्याने हंगामी पॅकहाउसच्या वाटेला जाऊ नये. हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवायला एक आठवडा लागला तरी हरकत नाही.

दुसरी पायरी : एका पिकाची खडानखडा माहिती

पदवीच्या अभ्यासक्रमात साठ पिकांची तोंडओळख होते. मालकाला मात्र एका पिकाची पक्की ओळख असलेला माणूस हवा असतो, कारण एक पीक नीट समजलेला माणूस दुसरे पीक एका हंगामात शिकतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. तुमच्या भागातील मुख्य पीक घ्या आणि त्याचे वर्षभराचे वेळापत्रक एका वहीत स्वतःच्या हाताने लिहून काढा. द्राक्षाचे उदाहरण घेतले, तर एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, फुटवे, फुलोरा, जिब्रेलिक ॲसिडचे डिपिंग (मणी फुगावेत म्हणून घड या वाढनियंत्रकाच्या द्रावणात बुडवणे), विरळणी, मण्यात पाणी उतरणे आणि काढणी असा क्रम येईल. मात्र क्रम लिहून थांबू नका. प्रत्येक टप्प्यावर कोणती कीड आणि कोणता रोग येतो, डाउनी कोणत्या हवामानात बळावतो आणि भुरी कोणत्या, एकरी किती मजूर लागतात आणि खर्च कुठे होतो, हेही त्याच वहीत आले पाहिजे. त्यासाठी निदान तीन शेतकऱ्यांच्या बागेत छाटणीपासून काढणीपर्यंत दर पंधरा दिवसांनी जाऊन यावे. चौथ्या वर्षातील ग्रामीण कृषी कार्यानुभव, ज्याला सगळे ‘रावे’ म्हणतात, त्यासाठीच आहे. दुर्दैवाने अनेक गटांत एकाने वही लिहायची आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायची, अशी पद्धत पडली आहे. ती वही स्वतः भरलेल्या विद्यार्थ्याला पुढे मुलाखतीत फार कमी बोलावे लागते.

हाताची ओळखही याच पायरीत येते. मी उमेदवाराला प्रश्न विचारण्यापूर्वी पॅकिंगच्या टेबलाजवळ नेतो आणि थॉमसन जातीच्या द्राक्षाचा एक घड पुढे करतो. बागेत वावरलेला माणूस घड देठाला धरून उचलतो. पुस्तकातून आलेला माणूस तो तळहातावर घेतो आणि मण्यावरून अंगठा फिरवतो. त्या एका अंगठ्याने मण्यावरची नैसर्गिक पांढुरकी झाक पुसली जाते, आणि ताज्या, न हाताळलेल्या मालाची खूण म्हणून परदेशातील ग्राहक तीच झाक पाहत असतो. त्यानंतर मी एवढेच विचारतो, ‘काय दिसते ते सांगा.’ देठ हिरवा आहे की तपकिरी पडू लागला आहे, मण्यांचा आकार सारखा आहे का, फुलकिड्यांचे ओरखडे आहेत का, घडाच्या टोकाला मऊ पडलेले मणी आहेत का, हे ज्याला आपसूक दिसते त्याला पुढचे शिकवायला वेळ लागत नाही. गोडी तपासायला सांगितली की रिफ्रॅक्टोमीटर आधी पाण्याने शून्यावर आणणारा आणि घडाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातून मणी घेणारा उमेदवार मला पुरेसा आहे. टोकाचे मणी सहसा कमी गोड असतात, त्यामुळे वरचा एकच मणी पिळून आलेला आकडा फसवा निघतो.

तिसरी पायरी : आकडेमोड तोंडपाठ नको, समजलेली हवी

येथे बहुसंख्य उमेदवार अडखळतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. दोन गणिते उदाहरणादाखल देतो. दोन्ही मी वर्षानुवर्षे विचारत आलो आहे.

पहिले असे : २०० लिटर पाण्यात जिब्रेलिक ॲसिडचे १० पीपीएमचे द्रावण करायचे आहे, तर पावडर किती घ्याल? एक पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, म्हणून १० गुणिले २०० म्हणजे २,००० मिलिग्रॅम, अर्थात २ ग्रॅम. येथपर्यंत बरेच जण येतात. मग मी हातात ४० टक्के सक्रिय घटक असलेली पुडी देतो. तेव्हा २ ग्रॅम भागिले ०.४० म्हणजे ५ ग्रॅम घ्यावे लागतात. हे ज्याच्या लक्षात येत नाही त्याने सांगितलेल्या मात्रेमुळे शेतकऱ्याचे डिपिंग कमी पडेल, मणी फुगणार नाहीत आणि एका वर्षाचे उत्पन्न हातचे जाईल. लेबलवरील सक्रिय घटकाचे प्रमाण वाचण्याची सवय म्हणूनच फार मोलाची आहे.

दुसरे सोयाबीनचे आहे. शेतकरी कंपनीने १६ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन घेतले आणि ते १२ टक्क्यांपर्यंत वाळवले, तर किती उरेल? घाईने उत्तर येते, ‘९६ किलो.’ ते चूक आहे. १०० किलोमध्ये कोरडा भाग ८४ किलो आहे, आणि वाळल्यावर हाच भाग एकूण वजनाच्या ८८ टक्के होतो. ८४ भागिले ०.८८ म्हणजे सुमारे ९५.४५ किलो. फरक अर्ध्या किलोचा दिसतो, पण एका हंगामात हजार क्विंटल खरेदी करणाऱ्या कंपनीसाठी तो पाच क्विंटलांहून अधिक होतो. शिवाय ४,५०० रुपये क्विंटलने घेतलेला हा माल वाळवल्यावर कंपनीला प्रत्यक्षात सुमारे ४,७१४ रुपयांना पडतो, आणि त्यात हमाली, वाहतूक व बारदान अजून धरलेलेच नाही. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४च्या खरिपात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, तेव्हा ज्या व्यवस्थापकांना हे गणित येत होते त्यांनीच शेतकऱ्यांना कुठे आणि केव्हा विकायचे याचा खरा सल्ला दिला.

रोज अशी दोन गणिते स्वतः तयार करून सोडवावीत. एक्सेलमध्ये तीच मांडता येऊ लागली की संगणकाचे निम्मे काम शिकून झाले असे समजावे. उरलेल्यात मोबाइलवरून प्लॉटचा फोटो व ठिकाण नोंदवणे, इंग्रजी ईमेल वाचून त्याला चार ओळींचे उत्तर देणे आणि ऑनलाइन प्रणालीत माहिती भरणे एवढे आले तरी सुरुवातीला पुरते.

चौथी पायरी : जे घडले तेच लिहिण्याची सवय

मला एकच गुण निवडायला सांगितला तर मी हा निवडेन, आणि त्यामागे एका रात्रीचा चटका आहे. काढलेल्या द्राक्षाच्या गराचे तापमान काही तासांतच ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणायचे असते आणि पुढे शीतगृहात ते ० ते १ अंशावर राखायचे असते. त्यासाठी दर तासाला खोलीचे आणि मालाचे तापमान वहीत लिहिले जाते. मी ज्या पॅकहाउसचे काम पाहत होतो तेथे रात्रपाळीला एक हुशार पदवीधर होता. त्याने रात्री बारा वाजताच पहाटे सहापर्यंतचे सगळे रकाने ०.५ या आकड्याने भरून ठेवले आणि तो झोपला. पहाटे वीज गेली आणि जनरेटर आपोआप सुरू झाला नाही. सकाळी मालाच्या गरात थर्मामीटर घातला तेव्हा ७ अंश होते. वहीत मात्र रात्रभर ०.५. माल एक तास गरम राहिला की चार तास, हे सांगायला आमच्याकडे काहीच उरले नव्हते, म्हणून ती पूर्ण खोली निर्यातीतून काढून स्थानिक बाजारात विकावी लागली. त्याने ‘पहाटे ४ वाजता वीज गेली, ५ वाजता ३ अंश’ एवढी एक ओळ लिहिली असती, तर बराचसा माल वाचला असता आणि त्याची नोकरीही राहिली असती.

हा एकट्या पॅकहाउसचा प्रश्न नाही. निर्यातीच्या द्राक्षाचा प्रत्येक प्लॉट अपेडाच्या (शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीत नोंदलेला असतो आणि कोणत्या तारखेला कोणते औषध किती मारले, याची फवारणी वही त्या मालाच्या मागे पार युरोपपर्यंत उभी असते. २०१० साली भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपल्याकडे सीसीसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि युरोपात गेलेले कंटेनर अडकले. नाशिक-सांगलीच्या कितीतरी बागायतदारांना त्या वर्षीचे नुकसान अजून आठवते. तेव्हापासून खरेदीदार मालाइतकाच वहीला पारखतो. म्हणून काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे अंतर) पूर्ण झाला नसताना शेतकऱ्याच्या आग्रहाखातर फवारणीची तारीख चार दिवस मागे लिहिणारा फिल्ड ऑफिसर कितीही गोड बोलणारा असो, कोणताही जाणता मालक त्याला ठेवत नाही.

ही सवय नोकरी लागण्यापूर्वीच लावता येते. घरच्या किंवा शेजारच्या शेतातील एक एकर घ्या आणि तीन महिने रोज रात्री पाच ओळी लिहा : तारीख, हवामान, केलेले काम, लागलेले मजूर व साहित्य, आणि चुकलेली एक गोष्ट. शेवटची ओळ लिहायला सगळ्यात जड जाते. खाडाखोड करायची झाल्यास आधीचा आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा आणि सही करा. लेखापरीक्षक वहीत याच रेघा शोधतो, कारण तीन महिन्यांत एकही खाडाखोड नसलेली वही बहुतेक वेळा एकाच बैठकीत लिहिलेली असते.

पाचवी पायरी : शेतकऱ्याशी बोलणे आणि नाही म्हणणे

बांधावर गेल्यावर ‘राम राम दादा’, ‘काय म्हणतेय बाग, आप्पा’ अशी सुरुवात मनापासून करता आली पाहिजे. तेवढे झाले की आधी ऐकावे. पाऊस किती पडला, मागच्या वर्षी काय झाले, मुलीचे लग्न कधी आहे, हे सगळे ऐकताना त्या घराचा खर्च आणि घाई दोन्ही कळतात, आणि त्यावरूनच माल लवकर काढण्याचा आग्रह का होतो आहे हे समजते. त्यानंतर येतो कठीण भाग. ‘तात्या, गोडी अजून भरलेली नाही, आज माल घेता येणार नाही, शुक्रवारी पुन्हा तपासू,’ हे कारणासह, आकडा दाखवून आणि नजरेला नजर देऊन सांगता यावे. ज्याला नाही म्हणता येत नाही तो आज शेतकऱ्याला खूश करतो, आणि आठवड्याने तोच माल नाकारला गेल्यावर कंपनी व शेतकरी दोघांचाही विश्वास गमावतो. जे माहीत नाही त्याला ‘विचारून उद्या सांगतो’ म्हणावे आणि उद्या खरोखर फोन करावा. गावात या दुसऱ्या फोनाची फार चर्चा होते.

सहावी पायरी : मजुरांची काळजी आणि सुरक्षितता

द्राक्ष हंगामात पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडकडे येतात, आणि पॅकहाउसमध्ये ग्रेडिंग-पॅकिंगचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. पर्यवेक्षक त्यांच्याशी कसा बोलतो, हे मी मुलाखतीपेक्षा पहिल्या दिवशी जास्त पाहतो. ‘ए बाई’ म्हणणाऱ्याच्या हाताखाली काम मंदावते आणि माल आपटला जातो. ‘ताई’, ‘मावशी’ म्हणणाऱ्याकडे त्याच स्त्रिया कुजका मणी स्वतःहून दाखवतात. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, जेवणाची वेळ आणि वजनाप्रमाणे मजुरी असेल तर ती त्याच दिवशी लिहिली जाणे, या गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात.

औषधांच्या बाबतीत तर हयगय चालतच नाही. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्याला डब्यावरील त्रिकोणाच्या रंगांचा अर्थ झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यायला हवा : लाल अतितीव्र विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. दोन औषधे मनाने एकत्र न करणे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी न करणे, हातमोजे व मुखपट्टी वापरायला लावणे, आणि विषबाधेची शंका येताच औषधाच्या लेबलसह माणसाला दवाखान्यात पोहोचवणे, हे तुम्हाला येते की नाही ते चांगला मालक विचारतोच. एखाद्याने विचारले नाही तर तुम्ही आपणहून सांगावे.

सातवी पायरी : कागदपत्रे आणि मुलाखत

बायोडाटा दोन पानांचा पुरतो. त्यात ‘मेहनती, प्रामाणिक, नेतृत्वगुण’ असे शब्द घालू नका, ते सगळ्यांच्याच कागदावर असतात. त्याऐवजी ‘२०२४-२५च्या हंगामात दीड एकर थॉमसनच्या बागेची छाटणी ते काढणी रोजची नोंद ठेवली’ किंवा ‘गावातील ११ शेतकऱ्यांच्या सोयाबीनचा ओलावा मोजून विक्रीची वेळ ठरवण्यात मदत केली’ असे जे खरोखर केले तेच लिहा. सोबत ती वही न्या. निविष्ठा (बियाणे, खते, औषधे) विक्रीच्या क्षेत्रात जायचे असेल आणि कृषी पदवी नसेल, तर हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्तार संस्थेचा विक्रेत्यांसाठीचा एक वर्षाचा ‘देसी’ अभ्यासक्रम उपयोगी पडतो. शेतकरी कंपनीत जाणाऱ्याने उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यात २००२च्या दुरुस्तीने आली आणि सहकारी सोसायटीपेक्षा ती कुठे वेगळी आहे, एवढे तरी वाचून जावे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी शक्य असेल तर त्या कंपनीच्या दोन शेतकऱ्यांना भेटून या. त्यांच्या मालाचे पैसे किती दिवसांत मिळतात आणि कंपनीबद्दल त्यांची तक्रार काय आहे, हे कळले की प्रश्नांना नेमके उत्तर देता येते. शिवाय नोकरी घ्यावी की नाही, हेही तुम्हालाच समजते. शेतकऱ्यांचे पैसे थकवणारी कंपनी नोकरांचे पगारही थकवते. पगार, हंगामातील जादा तासांचा मोबदला, दुचाकीच्या पेट्रोलचा भत्ता आणि हंगाम संपल्यावर काम राहणार की नाही, हे चार प्रश्न संकोच न करता विचारावेत. नीट विचारलेल्या प्रश्नाने कोणताही भला मालक नाराज होत नाही. मुलींनी रात्रपाळीतील ये-जा आणि राहण्याची सोय यांबद्दलही स्पष्ट विचारून घ्यावे. ‘बघू, होईल काहीतरी’ असे उत्तर आले तर ती सोय नाही असे समजावे.

आठवी पायरी : पहिले तीन महिने

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात कंपनीतील प्रत्येक टप्प्यावर एकेक दिवस उभे राहण्याची परवानगी मागा : माल उतरवणे, वजन, ग्रेडिंग, प्रीकूलिंग (माल लगेच थंड करणे), कंटेनर भरणे आणि हिशेबाची खिडकी. दुसऱ्या महिन्यात नाकारल्या जाणाऱ्या मालाची कारणे रोज लिहा. ओरखडे किती, आकार कमी किती, देठ सुकलेला किती. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्यातील सर्वांत मोठे कारण कोणत्या गावच्या, कोणत्या टप्प्यावरच्या चुकीतून येते, हे एका पानावर मांडून वरिष्ठांना द्या. माझ्याकडे आलेल्या अशा एका पानावर एका मुलीने लिहिले होते की सर्वाधिक दबलेले मणी दुपारी दोननंतर येणाऱ्या क्रेटमध्ये असतात, कारण दुपारच्या गाड्यांत क्रेटच्या तळाला पेपर घातलेला नसतो. पेपरचा खर्च क्रेटमागे काही पैशांचा होता. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या गाड्यांनाही पेपर सुरू झाला, आणि पुढच्या हंगामात ग्रेडिंगच्या टेबलांची जबाबदारी त्या मुलीकडे देण्यात आली.